कारखान्यातल्या पाण्याचा पीएच: बॉयलर, कंडेन्सेट आणि कूलिंग टॉवर सांभाळणाऱ्या नव्या माणसासाठी

युटिलिटीत (कारखान्याचं पाणी आणि वाफ सांभाळणाऱ्या खात्यात) नवीन लागलं की पहिल्याच आठवड्यात हातात लॉगशीट येतं. कच्चं पाणी, सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र), फीड वॉटर (बॉयलरला जाणारं पाणी), बॉयलर, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी), कूलिंग टॉवर, आणि प्रत्येकासमोर पीएचचा रकाना. पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. मागची पानं चाळलीत तर बहुतेक ठिकाणी तेच ते आकडे दिसतील: साडेसात, साडेआठ, अकरा. पाळ्या बदलल्या, पावसाळा येऊन गेला, उन्हाळ्यात टँकर आले, तरी आकडा जागचा हलत नाही. असं लॉगशीट दिसलं की समजायचं, मीटर बराच काळ कुणी पाण्यात बुडवलेला नाही.

एमआयडीसीतल्या अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत बॉयलर आणि कूलिंगचं पाणी सांभाळताना जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितोय. समोर धरलाय तो साडेदहा किलो दाबाच्या आसपासचा पॅकेज बॉयलर, सॉफ्टनर, कदाचित छोटा आरओ, परत येणारं कंडेन्सेट आणि एक-दोन कूलिंग टॉवर. वीजकेंद्रातल्या उच्च दाबाच्या बॉयलरचं गणित वेगळं. इथले आकडे तिथे लावू नका.

सगळ्या पायऱ्यांमागे माझं म्हणणं एकच आहे. पीएच बदलला की माणसाचा हात डोसिंग पंपाच्या नॉबकडे जातो. तो थांबवा आणि आधी विचारा: हे पाणी आलं कुठून, आणि वाटेत त्यात काय मिसळलं?

१. पाण्याची वाट चालून बघा

एक कोरा कागद घ्या आणि मुख्य व्हॉल्व्हपासून गटारापर्यंत चालत जा. कच्च्या पाण्याची टाकी, फिल्टर, सॉफ्टनर, फीड टँक, बॉयलर, स्टीम हेडर, ट्रॅप (वाफ अडवून कंडेन्सेट सोडणारा व्हॉल्व्ह), कंडेन्सेटची लाइन, ब्लोडाऊन (बॉयलरमधून बाहेर सोडलेलं घट्ट पाणी) कुठे जातो, टॉवरला मेकअप (आटलेल्या पाण्याची भरपाई) कुठून येतो, सगळं रेखाटा. नमुना काढायचा कॉक कुठे आहे ते लाल पेनने दाखवा. ऑफिसातलं ड्रॉइंग बहुधा कारखाना उभा राहिला तेव्हाचं असतं. मधल्या वर्षांत टाकलेल्या बायपास लाइन त्यावर नसतात.

पाण्याचा उगम नीट विचारा. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी तुलनेने मऊ असतं. दख्खनच्या कातळातल्या बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं आणि त्यात बायकार्बोनेटही भरपूर. एप्रिल-मेमध्ये एमआयडीसीचा पुरवठा कमी पडला की त्याच टाकीत बोअरच्या पाण्याचे टँकर रिकामे होतात, आणि दोन दिवसांत टॉवरचा पीएच वर जातो. पावसाळ्यात उलटं घडतं. नदीचं पाणी गढूळ होतं, जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीचा डोस वाढतो आणि तुरटी पाण्यातली अल्कॅलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) खाते. या दोन्ही वेळी तुमच्या यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं.

प्रत्येक लाइनपुढे धातूही लिहा, कारण पीएचची सुरक्षित मर्यादा धातूवर ठरते. साधं पोलाद आम्लधर्मी पाण्यात झिजतं. जीआयवरचा जस्ताचा थर आम्लाने जातो आणि तीव्र अल्कलीनेही. अ‍ॅल्युमिनियम नऊच्या वर विरघळायला लागतं. तांब्याला ऑक्सिजनसोबत आलेला अमोनिया खातो. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत पीएचपेक्षा क्लोराइडवर जास्त लक्ष ठेवा.

२. साहित्य आणि कागद जमवा

साहित्य:
– तापमानाचा सेन्सर असलेला पीएच मीटर आणि ४, ७ व ९.२ पीएचचे बफर
– इलेक्ट्रोड ठेवायला ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण
– टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर आणि हार्डनेस (जडपणा) तपासायचं किट
– ब्युरेट, कोनिकल फ्लास्क, ५० मिलीचा मेजरिंग सिलिंडर, एन बाय फिफ्टी सल्फ्युरिक आम्ल, फिनॉल्फ्थॅलीन, मिथिल ऑरेंज
– बॉयलरच्या नमुन्यासाठी सॅम्पल कूलर
– फेस शील्ड, पीव्हीसीचे लांब हातमोजे, एप्रन, गमबूट

कागद:
– बॉयलर बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमधलं पाण्याच्या गुणवत्तेचं पान
– महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, ज्याला सगळे ‘कन्सेंट’ म्हणतात
– प्रत्येक रसायनाचं सुरक्षा पत्रक
– केमिकल पुरवणाऱ्याचे मागचे अहवाल
– मागच्या वार्षिक तपासणीत बॉयलर उघडला तेव्हाचे फोटो किंवा टिपणं

कमी आणि मध्यम दाबाच्या बॉयलरच्या पाण्यासाठी आयएस १०३९२ हे भारतीय मानक आहे, ते एकदा वाचाच. पण मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल तर तो धरा. केमिकलवाल्याच्या लेटरहेडवरची मर्यादा त्याच्या मालाला सोयीची असू शकते. ती मॅन्युअलशी ताडून बघितल्याशिवाय भिंतीवर चिकटवू नका.

३. मीटरवर विश्वास बसेल असं करा

आधी ७ चा बफर, मग दुसरा. दुसरा कोणता ते तुमच्या नमुन्यावर ठरतं. बॉयलर आणि टॉवरसाठी ९.२ घ्या, आरओ आणि कंडेन्सेटसाठी ४. कॅलिब्रेशननंतर मीटर स्लोप दाखवत असेल तर तो लिहून ठेवा. २५ अंशांना एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट ही आदर्श उतरण, म्हणजे १०० टक्के. ती ९५ च्या खाली गेली तर इलेक्ट्रोड साफ करा, तरीही सुधारली नाही तर बदला.

दोन सवयी बहुतेक प्रयोगशाळांत चुकीच्या दिसतात. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवणं ही पहिली; त्याने इलेक्ट्रोडच्या आतले क्षार बाहेर येतात आणि तो मरतो. दुसरी म्हणजे ९.२ च्या बफरची बाटली उघडी ठेवून तोच बफर दिवसेंदिवस वापरणं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात शिरतो, बफर खाली सरकतो, आणि त्यावर बसवलेला मीटर त्यानंतरच्या प्रत्येक नमुन्याला फसवतो.

आरओच्या पाण्यात आकडा बराच वेळ हलत राहतो, कारण त्यात क्षारच नसतात. घाई करू नका, नमुना हळू ढवळत थांबा.

४. नमुना असा काढा

बॉयलरचा नमुना थेट ब्लोडाऊनच्या कॉकमधून बाटलीत घेणं धोक्याचं आहे, आणि तो नमुना खोटाही असतो. दाब सुटताच पाण्याचा काही भाग वाफ होऊन उडतो, उरलेलं पाणी घट्ट होतं आणि टीडीएस फुगलेला दिसतो. सॅम्पल कूलर वापरा, लाइन दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटली त्याच पाण्याने विसळा, काठोकाठ भरा आणि लगेच झाकण लावा. अर्धवट भरलेल्या बाटलीत हवा राहते आणि बॉयलरच्या पाण्याचा पीएच टेबलावर बसल्याबसल्या उतरतो.

नमुना २५ अंशांपर्यंत थंड करूनच मोजा. मीटरवर एटीसी (तापमानाप्रमाणे आपोआप दुरुस्ती) आहे म्हणून गरम पाण्यात इलेक्ट्रोड बुडवणारे बरेच भेटतील. एटीसी फक्त इलेक्ट्रोडची उतरण तापमानाप्रमाणे सुधारते. तापमानामुळे पाण्याचाच पीएच बदलतो, त्यावर तिच्याकडे इलाज नाही. शुद्ध पाण्याचा उदासीन बिंदू २५ अंशांना ७ असतो, १०० अंशांना तो सुमारे ६.१ वर येतो. सगळे मानक आकडे २५ अंशांचे आहेत.

५. पीएचच्या जोडीला अल्कॅलिनिटी काढा

पीएचचं माप लॉगचं आहे: ६ वरून ५ वर जाणं म्हणजे आम्लता दहापट. पण पाण्यात आम्ल झेलायची ताकद किती शिल्लक आहे ते पीएच सांगत नाही, ते अल्कॅलिनिटी सांगते. आरओचं पाणी आणि बोअरचं पाणी, दोन्ही ७ दाखवत असले तरी बोअरच्या पाण्यात चमचाभर आम्लाने काही होणार नाही आणि आरओचं पाणी तेवढ्याने कोसळेल.

रीत सोपी आहे. ५० मिली नमुना घ्या, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब टाका. गुलाबी झाला तर एन बाय फिफ्टी आम्लाने रंग जाईपर्यंत टायट्रेट करा. लागलेले मिली गुणिले २० म्हणजे पी अल्कॅलिनिटी, पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग). त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाकून पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत पुढे जा. सुरुवातीपासूनचे एकूण मिली गुणिले २० म्हणजे एम अल्कॅलिनिटी.

बॉयलरच्या नमुन्याला पीसाठी १८ मिली आणि एकूण २५ मिली लागले, तर पी ३६० आणि एम ५००. पी निम्म्याहून जास्त असेल तेव्हा दोन पी वजा एम ही कॉस्टिक म्हणजे हायड्रॉक्साइड अल्कॅलिनिटी: ७२० वजा ५००, २२० पीपीएम. बॉयलरमध्ये मोकळा कॉस्टिक किती आहे हे या आकड्यावरून कळतं, नुसत्या ११.३ वरून कळत नाही.

६. बॉयलर: आकडा कोणत्या बाजूने घसरला ते बघा

आपल्या दाबाच्या बॉयलरला फीड वॉटर साधारण ८.५ ते ९.५ आणि आतलं पाणी १०.५ ते ११.५ ठेवतात. इतक्या पीएचला पोलादावरचा मॅग्नेटाइटचा काळा थर टिकतो, सिलिका विरघळलेली राहते, आणि फॉस्फेटमुळे हार्डनेसचा मऊ गाळ होऊन ब्लोडाऊनबरोबर निघून जातो. १२ च्या पुढे गेलात तर पाणी फेसाळतं, वाफेबरोबर उडतं, गेज ग्लास पातळ होते, आणि स्केलखाली (क्षारांच्या कडक थराखाली) साठलेला कॉस्टिक नळी कोरतो.

सॉफ्टनरबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम देतो. बायकार्बोनेट जसंच्या तसं पुढे जातं. बॉयलरच्या उष्णतेने ते फुटतं, आधी कार्बोनेट आणि मग कॉस्टिक होतं, आणि कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर निघून जातो. म्हणून बोअरच्या पाण्यावरचा बॉयलर कॉस्टिकचा थेंबही न टाकता ११.५ दाखवू शकतो. तिथे ‘अल्कॅलिनिटी बिल्डर’चे कॅन विकत घेणं म्हणजे पैसे गटारात.

पीएच बदललेला दिसला तर टीडीएस शेजारी ठेवून वाचा:

– पीएच कमी, टीडीएसही कमी: ब्लोडाऊन जास्त मारला जातोय किंवा व्हॉल्व्ह गळतोय.
– पीएच जास्त, टीडीएसही जास्त: ब्लोडाऊन कमी पडतोय.
– पीएच हळूहळू कमी, फीडमध्ये हार्डनेस: सॉफ्टनर सुटलाय. रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने सॉफ्टनर पुन्हा ताजा करणं) मारा, मिठाच्या टाकीत मीठ खरंच आहे का ते हात घालून बघा.
– नवा आरओ लागल्यापासून पीएच कमी: आरओने बायकार्बोनेट काढून टाकलं, आता कॉस्टिक खरंच लागेल.
– टीडीएस जागेवर, पीएच एकाच पाळीत कोसळला: कंडेन्सेटमधून काहीतरी आलंय. डोसिंगला हात लावायच्या आधी कंडेन्सेट गटाराला वळवा.

शेवटचा प्रकार कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडच्या साखर कारखान्यांत काम केलेल्यांना वेगळा सांगायला नको. बाष्पीभवन पात्रांचं कंडेन्सेट बॉयलरला जातं, त्यात उसाच्या रसाचा अंश उडून आला की बॉयलरच्या उष्णतेत साखरेची सेंद्रिय आम्लं होतात आणि पीएच बघता बघता पडतो. म्हणून तिथे कंडेन्सेटवर अल्फा नॅप्थॉलची चाचणी सतत चालते: परीक्षानळीत नमुना, अल्फा नॅप्थॉलचे थेंब, मग कडेने हळूच तीव्र सल्फ्युरिक आम्ल. दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी दिसली की साखर आहे. ज्यांच्या प्रक्रियेत साखर, गूळ, सिरप किंवा फळांचा रस आहे त्यांनी ही चाचणी शिकून घ्यावी, कारखाना लहान असला तरी.

७. कंडेन्सेट: सगळ्यात दुर्लक्षित लाइन

बॉयलरवर सगळ्यांचं लक्ष असतं, त्याची वर्षाला बाष्पके संचालनालयाकडून तपासणीही होते. कंडेन्सेटची लाइन मात्र लगिंगखाली (उष्णता राखणाऱ्या आवरणाखाली) दडलेली असते आणि पिनहोल पडल्यावरच आठवते.

वर सांगितलेला कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि वाफेचं पाणी होताना त्यात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होतं. त्या पाण्यात अल्कॅलिनिटी शून्याच्या जवळ, म्हणून पीएच सहज साडेपाचपर्यंत उतरतो. फीड वॉटरमध्ये २०० पीपीएम बायकार्बोनेट अल्कॅलिनिटी असेल तर वाफेत दीडशे पीपीएमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो. तेवढ्याला पुरेल इतकं अमाइन (वाफेबरोबर जाऊन हे आम्ल मारणारं रसायन) कुणी विकत घेत नाही.

बदललेला पाइप फेकून देऊ नका, उभा कापून बघा. तळाशी गुळगुळीत चर पडलेली असेल आणि आट्यांच्या जागी पाइप आधी संपलेला असेल, तर काम कार्बन डायऑक्साइडचं. गोल, खोल खड्डे असतील तर ऑक्सिजनचं, आणि ते पीएच वाढवून थांबत नाही. फीड टँकचं तापमान आणि ऑक्सिजन स्कॅव्हेंजरचा (पाण्यातला ऑक्सिजन काढणाऱ्या रसायनाचा) डोस बघावा लागतो.

नमुना फीड टँकमध्ये नको, लाइनच्या सगळ्यात लांबच्या टोकाच्या ट्रॅपनंतर घ्या, तोही थंड करूनच. उघड्यावर फ्लॅश झालेल्या कंडेन्सेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आहे त्यापेक्षा बरा दिसतो. फीड टँकवर ७.८ आणि लांबच्या ट्रॅपवर ५.६ असं चित्र सहज दिसू शकतं.

उपायाचा क्रम महत्त्वाचा. आधी बायकार्बोनेट कमी करा: आरओ किंवा डीअल्कलायझर (अल्कॅलिनिटी काढणारं यंत्र). मग उरलेल्यासाठी न्यूट्रलायझिंग अमाइन, आणि कंडेन्सेट ८.३ ते ९ च्या दरम्यान. सायक्लोहेक्झिलअमाइन वाफेबरोबर लांबवर जातं, मॉर्फोलिन जवळच्या कंडेन्सेटमध्ये आधी उतरतं. लांबलचक लाइन असेल तर दोन्हींचं मिश्रण लागतं. अन्नाच्या कारखान्यांना सक्त सूचना: वाफ पदार्थाला थेट लागत असेल तर अमाइनचा विषय क्वालिटी खात्याच्या लेखी परवानगीशिवाय काढूच नका. अमेरिकेच्या अन्ननियमांत तर दूध आणि दुधाच्या पदार्थांना लागणाऱ्या वाफेत ही दोन्ही अमाइन्स चालत नाहीत. निर्यात करणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवावं.

कंडेन्सेट कधी एकदम ३ आणि कधी १२ दाखवतं. वेळा लिहा आणि सीआयपीच्या (यंत्रं न उघडता आतून धुण्याच्या) वेळांशी जुळवा. नायट्रिक आम्ल आणि कॉस्टिकच्या फेऱ्यांशी त्या जुळल्या तर एखाद्या हीट एक्स्चेंजरची गॅस्केट किंवा प्लेट गेलीय. प्रॉडक्शनवाले म्हणतील, वाफेचा दाब जास्त, मग आमचं पाणी तुमच्याकडे येईल कसं? वाफ बंद झाली की आतली वाफ थंड होऊन पोकळी तयार होते आणि त्या ओढीने पलीकडचा द्रव आत येतो. गळती बॅच चालू असताना दिसत नाही, संपल्यावर दिसते. नमुना तेव्हा घ्या.

८. कूलिंग टॉवर: पीएच आपोआप का चढतो

मेकअप ७.६, टॉवरच्या बेसिनमध्ये ८.६. नवा माणूस घाबरतो. पण टॉवरमध्ये हवा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवून लावते आणि पाणी आटत जातं तशी अल्कॅलिनिटी घट्ट होते. पीएच चढणं हा टॉवरचा स्वभावच आहे. किती चढू द्यायचा, एवढंच आपल्या हातात. साधारण ७.५ ते ८.५ मध्ये बहुतेकांचं भागतं, पण नुसत्या पीएचवर निर्णय घेऊ नका. विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडलेला निर्देशांक काढा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतो.

सॅच्युरेशन पीएच = (९.३ + अ + ब) − (क + ड)

अ = (लॉग टीडीएस − १) ÷ १०
ब = ३४.५५ − १३.१२ × लॉग (अंश सेल्सिअस + २७३)
क = लॉग कॅल्शियम हार्डनेस − ०.४
ड = लॉग एम अल्कॅलिनिटी

मोजलेल्या पीएचमधून हा आकडा वजा करा. उत्तर शून्याच्या वर गेलं तर पाणी स्केल धरेल, खाली गेलं तर चुना विरघळवेल.

टीडीएस १०००, तापमान ४०, कॅल्शियम हार्डनेस ३००, अल्कॅलिनिटी २५०, पीएच ८.३ धरा. अ येतो ०.२, ब १.८१, क २.०८, ड २.४०. सॅच्युरेशन पीएच सुमारे ६.८, निर्देशांक जवळजवळ दीड. कंडेन्सरच्या नळ्यांवर पांढरा थर नक्की. आता आम्ल देऊन अल्कॅलिनिटी १२० वर आणली तर पीएच ७.७ च्या आसपास येईल आणि निर्देशांक सुमारे ०.५ वर. तेवढं चांगला स्केल इन्हिबिटर सांभाळतो. शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. पोलादाच्या पाइपांना थोडं स्केलच्या बाजूचं पाणी बरं असतं.

यासाठी आम्ल किती? १ पीपीएम अल्कॅलिनिटीला जवळजवळ १ पीपीएम सल्फ्युरिक आम्ल. टॉवर, बेसिन आणि लाइन मिळून १०० घनमीटर पाणी असेल तर २५० वरून १२० वर यायला ९८ टक्क्यांचं सुमारे १३ किलो, म्हणजे जेमतेम ७ लिटर. एका कॅनमध्ये काय ताकद असते ते यावरून लक्षात घ्या. ‘अजून थोडं टाक’ म्हणत पूर्ण कॅन उलटा केला तर सगळी अल्कॅलिनिटी संपते आणि पीएच थेट चारच्या खाली. प्लेट हीट एक्स्चेंजर स्टेनलेस स्टीलचा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल नकोच. त्यातलं क्लोराइड स्टीलला भोकं पाडतं.

क्लोरीनशीही पीएचचं नातं आहे. हायपोक्लोराइटमधला जंतू मारणारा भाग म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. ७.५ ला ते साधारण निम्मं असतं, ८.५ ला दहा टक्क्यांच्या आसपास उरतं. टॉवरला शेवाळ येतंय म्हणून हायपो वाढवत राहण्याआधी पीएच बघा. पीएच खाली आणता येत नसेल तर ब्रोमीनवर आधारलेलं बायोसाइड विचारा.

नवा जीआयचा टॉवर असेल तर पहिले काही आठवडे पीएच ७ ते ८ मध्ये धरून ठेवा. सुरुवातीलाच ८.५ च्या वर पाणी फिरवलं तर जस्तावर पांढरा, भुसभुशीत थर येतो आणि टॉवरचं आयुष्य तिथेच घटतं. कमिशनिंगच्या गडबडीत हे कुणी सांगत नाही. ठेकेदाराला पाणी फिरवून सही घ्यायची असते.

९. डोसिंग आणि हाताळणी

पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नको. आम्लाचे कॅन आणि हायपोचे कॅन एका डाइकमध्ये (सांडलेलं अडवणाऱ्या कट्ट्यात), एका पॅलेटवर ठेवू नका. दोन्ही सांडून मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. रिकामा हायपोचा कॅन आम्लासाठी वापरणं हाही तोच अपघात. कॉस्टिकला लोक कमी घाबरतात, पण डोळ्यासाठी तो आम्लापेक्षा वाईट, कारण आत शिरत जातो. उडालं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली. त्यासाठी आयवॉशला पाणी येतंय का, हे डोस देण्याआधी बघायचं.

डोसिंगची लाइन पाइपच्या भिंतीशी संपवू नका. क्विल (पाइपच्या आत शिरणारी नळी) टाकून आम्ल प्रवाहाच्या मध्यावर सोडा, नाहीतर सगळं जवळच्या वेल्डिंगला खाईल. पीएचचा सेन्सर नीट मिसळल्यानंतरच्या जागी हवा. आणि डोसिंग पंपाला सर्क्युलेशन पंपाशी इंटरलॉक करा, म्हणजे तो थांबला की डोसिंगही थांबेल. रात्री सर्क्युलेशन ट्रिप झालं आणि डोसिंग चालूच राहिलं, तर सेन्सर त्याच थांबलेल्या पाण्यात बसून जुना आकडा दाखवतो आणि पाइपमध्ये नुसतं आम्ल साठत जातं. यंत्र बसवणारे हे इंटरलॉक बरेचदा ‘नंतर करू’ म्हणतात. बिल पास करायच्या आधी करून घ्या.

बॉयलरमध्ये आम्ल रोजच्या डोसमध्ये कधीच नाही. आत आकडा जास्त असेल तर ब्लोडाऊन वाढवा.

१०. नोंद आणि निचरा

लॉगशीटमध्ये पीएचशेजारी टीडीएस, अल्कॅलिनिटी, नमुन्याचं तापमान आणि पाण्याचा उगम लिहा. ‘आज टँकर २’ हे दोन शब्द महिनाभराने तासाभराचा शोध वाचवतात. केमिकलवाल्याला फोन करताना हेच आकडे पुढे ठेवा, म्हणजे तो ‘डोस वाढवा’ एवढ्यावर सुटू शकत नाही.

बॉयलरचा ब्लोडाऊन ११ पीएचचा आणि उकळता असतो. तो पावसाच्या गटारात जाता कामा नये. देशातल्या सर्वसाधारण निकषांत नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा पीएच ५.५ ते ९ दिलाय, पण तुमच्यासाठी तुमच्या कन्सेंटवरचा आकडा अंतिम. सॉफ्टनरच्या रिजनरेशनचं पाणी पीएचच्या दृष्टीने निर्धोक दिसतं, पण त्यातलं मीठ पीएच जुळवून जात नाही. ते वेगळं मोजलं जातं.

ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) न्यूट्रलायझेशन टाकीत चुना वापरत असाल तर एक सापळा आहे. चुना सावकाश विरघळतो. मीटर ६ दाखवतोय म्हणून अजून पोतं ओतलंत, तर अर्ध्या तासाने तीच टाकी १०.५ दाखवते. हिशोबाच्या निम्मा टाका, ब्लोअर चालू ठेवा, अर्ध्या तासाने टाकीच्या दोन टोकांचा नमुना घ्या. दोन्ही आकडे जुळले, आणि मर्यादेत बसले, की व्हॉल्व्ह उघडा.